दोन पावलांचे स्टूल

मित्रांनो, मला बसण्यासाठी बनवले होते. पण माझ्यावर ऐसपैस बसलेला माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला. तो कसा बसला आणि कसा उठला, ते सांगायलाच आज तोंड उघडले आहे. एरवी जुन्या लाकडी स्टुलाला विचारतो कोण?

एका सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला जोडले. चारही पाय जमिनीला टेकतात का ते पाहिले आणि "चालेल" म्हणाला. माझे कौतुक झाले ते एवढेच. तिथून मी दप्तरे शिवणाऱ्या एका दुकानात आले. पुढे गिऱ्हाइकांसाठी पंखा आणि काचेचे कपाट. मागे पडद्याआड कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, दोन शिलाई मशीन, कातरणांची मोठी लाकडी पेटी आणि दप्तराच्या पट्ट्यांना रिंगा ठोकायचा हातप्रेस.

प्रेस उभ्या माणसाच्या मापाचा होता. बारकी त्या मापाची नव्हती.

बारकी म्हणजे तिथल्या कारागिराची भाची. ती त्याला मामा म्हणायची, म्हणून सगळे दुकानच त्याला मामा म्हणू लागले. तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मामा तिला सोबत आणू लागला. "घरी एकटी काय करेल? इथं नजरेसमोर तरी राहील," असे तो मालकाला म्हणाला. मालक मोठा दयाळू. त्याने तिला लगेच नजरेसमोर, म्हणजे प्रेससमोर उभे केले. दांडा तिच्या हाताला येईना, तेव्हा मामाने माझ्या पायांखाली ठोकळे ठोकले. रोज सकाळी तो मला हलवून पाहायचा. मी डगमगले असते तर पोरीची बोटे रिंगेसोबत गेली असती. एवढे त्याला कळत होते. त्यापुढचे कळत होते की नाही, ते स्टुलाने काय सांगावे!

बारकी माझ्यावर अनवाणी उभी राहायची. दांडा खाली आणायला तिला सगळे अंग लटकवावे लागे. मोठ्या माणसाच्या हातून प्रेस लागोपाठ वाजतो, खट्‌ खट्‌. तिच्या हातून आधी जराशी शांतता, आणि मग खट्‌. माझे लाकूड मऊ. हळूहळू माझ्या पाठीवर तिच्या पावलांचे दोन खोलगट ठसे पडले.

एकदा तिने तयार दप्तर पाठीला लावून पाहिले. मालक ओरडला, "काढ गं, चुरगळेल! पोरांना शाळेत न्यायचंय ते." आपण काय बोललो, ते त्याला ऐकू आले नसावे.

कायद्याची मात्र दुकानात सोय होती. दर्शनी भागात पाटी होती, 'येथे बालकामगार नाहीत'. ती पुसायचे काम बारकीकडे असे. तपासणीही होई. अचानक तपासणी असली की कामगार खात्याच्या साहेबांच्या कचेरीतून आदल्या दिवशी फोन यायचा, "उद्या अचानक येतोय." मग बारकीला सुट्टी. सगळे सुरळीत चालले होते. पण त्या दिवशी साहेबांनी रीत मोडली. न कळवताच आले.

मालक पडद्याआडून धावत आत आला. "मामा, साहेब आलेत! पोरीला लपव!"

"कुठं लपवू? मागच्या दाराला तुम्हीच माल लावून ठेवलाय."

"पेटीत घाल!"

बारकीने माझा काठ घट्ट धरला. "मामा, मी नाही जाणार. आत काळोख आहे."

"दोन मिनिटं, माझी आई. आवाज करू नकोस."

त्याने तिला कातरणांत बसवले. नियमात न बसणारे सगळे एकदमच आत गेलेले बरे, असे मालकाला वाटले असावे. त्याने रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा उघडा डबाही तिच्याशेजारी ठेवला. नेताना तो हिंदकळला आणि माझ्या पाठीवरच्या दोन ठशांत सोल्युशन साचले. झाकण पडले. कडी लागली. तिच्या चपला, पाण्याची बाटली, सगळे गायब झाले. राहिले ते मीच. रोज समोर असलेली वस्तू कुणाला दिसत नाही.

साहेब आत आले. त्यांनी प्रेस पाहिला. उभ्याने चालवायच्या प्रेससमोर स्टूल पाहिले. माझे ठोकळेही पाहिले. मला वाटले, आता विचारणार! एवढाच प्रश्न पुरे होता: हे कुणासाठी?

साहेब माझ्यावर बसले.

"चहा सांगा."

पेटीतून खोकल्याची उबळ आली. मामा तिच्याहून मोठ्याने खोकला.

"काय हो, दमा आहे का?"

"धूळ जाते, साहेब."

"तोंडाला फडकं बांधत जा. जिवापेक्षा काम मोठं नाही."

पुन्हा खोकला आला. पुन्हा मामा खोकला. त्याच्या हातातली कात्री एकाच ठिकाणी उघडमीट करत होती. चहा आला. साहेब तो फुंकून फुंकून पिऊ लागले. सोल्युशनचा वास आधी गोड वाटतो आणि मग डोके गरगरू लागते. पेटीला आतून नखे घासली. नंतर तीही थांबली.

आता मामाला खोकायचे कारण उरले नव्हते.

"साहेब, अजून एक चहा?" मालकाने विचारले.

"अर्धा चालेल."

मामाने कात्री खाली टाकली.

"मामा, आपलं काम कर," मालक दबक्या आवाजात म्हणाला.

मामाने कडी काढली. बारकीला कातरणांसकट बाहेर ओढले. ओठ पांढरे, मान लुळी. आडवा आलेला पडदा ओरबाडून त्याने तिला पुढे पंख्याखाली नेले, गिऱ्हाइकांच्या मधोमध. तोंडावर पाणी मारले. "बारके! ए बारके! डोळे उघड गं! तुझ्या आईला काय सांगू मी?"

पोरगी हलेना. मग एकदम ती ओकली. मित्रांनो, इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

साहेब मामावर वैतागले. "अहो, मी निघतच होतो की! मी गेल्यावर उघडायचं ना. आता हे मला दिसलं!"

"दिसलं ना?" मामा म्हणाला. "मग लिहा."

साहेब ताडकन उठले. त्यांच्यासोबत मीही थोडे उठले आणि चर्रकन सुटून आपटले. माझा एक पाय मोडला. साहेबांच्या पँटवर मागे सोल्युशनची दोन पावले उमटली होती. इवलीशी, शेजारीशेजारी, अंगठ्यांसकट.

एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मागे कुणीतरी उभं आहे."

साहेबांनी वळून पाहिले. "कुणी नाही," म्हणाले आणि ती पावले घेऊन रस्त्याने निघून गेले.

मामा बारकीला खांद्यावर टाकून गेला. दोघेही परत आले नाहीत. साहेबांनी मात्र खरोखरच लिहिले: मोडके स्टूल कामगारांच्या सुरक्षेस घातक, तातडीने हटवावे. कायद्याची इतकी चोख अंमलबजावणी त्या दुकानात कधी झाली नव्हती. मी त्याच संध्याकाळी मागच्या बोळात आले.

माझ्या जागी प्लास्टिकचे नवे स्टूल आले आहे. त्याच्यावर कोण उभे राहते, ते इथून दिसत नाही. ऐकू मात्र येते. आधी जराशी शांतता, आणि मग खट्‌.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा पाय जोडा, असे मी म्हणणार नाही. तुम्ही नवे दप्तर घ्यायला जाल, तेव्हा पडद्याआड कान द्या. ती शांतता ऐकू आली, तर आत जा आणि मोठ्याने विचारा, "हे स्टूल कुणासाठी?"

कुणी म्हणेल, "बसा ना."

बसू नका.