हिरवा ठिपका

सुहैलाच्या चाळिसाव्याची माणसं जेवून गेली, तशी रौनकने आईचा कॉम्प्युटर चालू केला. जब्बार ताटं उचलत होता.

“बाबा, आई म्हणाली होती शंभरावर पानं झालीत. इथे एकोणीसच आहेत.”

“नीट बघ.”

“सगळीकडे बघितलं.”

दक्षिणेकडच्या अमाराच्या पाणथळीतलं आपलं लहानपण सुहैला नातीसाठी लिहीत होती. होडीतून शाळेत जाण्यापर्यंतचंच उरलं होतं. रौनक पुढचं शोधत असतानाच पडदा काळा झाला. छताचा पंखा मात्र फिरत होता.

“मेली ही बगदादची वीज!” रौनक म्हणाली. “आईपण हेच सांगायची. ती लिहायची आणि जतन करायच्या आत सगळं जायचं.”

जब्बारने पंख्याकडे पाहिलं आणि ताटं घेऊन आत गेला.

बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तीस वर्षांचं. कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, असं सुहैलाने त्याला तीनदा सांगितलं होतं. दरवेळी तो म्हणाला होता, जनरेटरची वीज आहे, मी काय करू?

सकाळी त्याने कॉम्प्युटर उघडला. पॉवर सप्लायच्या पिवळ्या तारेला मीटर लावला. बारा व्होल्ट. जड काम दिलं, तसा आकडा घसरत साडेदहावर आला आणि सगळं बंद पडलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. गिऱ्हाइकाचा असता तर त्याच दिवशी बदलला असता.

पॉवर सप्लाय खोलायला त्याने स्क्रूड्रायव्हर लावला आणि थांबला. स्क्रूवर नखरंगाचा हिरवा ठिपका होता. कोणी उघडलं ते कळावं म्हणून बाजारातला प्रत्येक कारागीर असा ठिपका लावतो. जब्बारचा लाल. हिरवा अबू सिनानचा.

“या, उस्ता!” अबू सिनान गल्ल्यामागून ओरडला. “बाजारभर माझ्या कामाला नावं ठेवता, आणि आज माझी पायरी चढलात?”

जब्बारने पॉवर सप्लाय पुढे ठेवला. ठिपका पाहून अबू सिनान खुर्चीतून उठला. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला.

“रमजानच्या आधी वहिनी आल्या होत्या,” तो म्हणाला. “कॉम्प्युटर टॅक्सीत घालून आणला होता.”

“मग बदलला का नाहीस?”

“नवा काढून ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, नको, नवा दिसला की त्यांना कळेल. बाजारात त्यांची मान खाली जाईल.”

“मला सांगायचं होतंस.”

“मी त्यांना म्हटलं, मग उस्तांनाच सांगा की. हसल्या. म्हणाल्या, तीनदा सांगितलं. आता सांगितलं तर भांडल्यासारखं होईल.”

चहा आला. जब्बारने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“नवा दे,” तो म्हणाला.

त्याने तो घरी नेऊन बसवला. कॉम्प्युटर दुपारभर चालू राहिला. रौनक दारात येऊन उभी राहिली.

“वीज बरी आहे वाटतं आज.”

“हं.”

“आई असताना अशी असती तर!”

त्याने झाकण लावलं, स्क्रू पिळले. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावरही तो पिळतच राहिला.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. रौनक मोसूलला परत गेली. फोनवर ती अजून विजेलाच शिव्या देते. तिला खरं काय ते सांगायचं राहिलं आहे.