रुपयाएवढी उघडी जागा

मागून येणाऱ्यांनो, जरा वेग कमी करा. मी मोटारीच्या पाठीवरचा तांबडा दिवा बोलतोय. पुढचे दिवे रस्ता दाखवतात, म्हणून कौतुक त्यांचं होतं. माझं काम एवढंच, की ब्रेक दाबला की पेटायचं आणि मागच्याला सांगायचं, 'थांब, पुढे कोणीतरी थांबतं आहे.' गाडीत बसलेल्यांना मी पेटलेला कधीच दिसत नाही. मी परक्यांसाठी जळतो.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला, पण माझं आयुष्य सुरू झालं ते ग्वाल्हेरला, गोरखी वाड्याजवळ, जगदेवरावांच्या दारात. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावरून आलेले. ते स्वतः संस्थानच्या फौजेत होते आणि ही मोटार त्यांना दरबारातून मिळाली होती. माझ्या खालच्या बाजूला, डिकीच्या पत्र्यावर, संस्थानची नागाची निशाणी रंगवलेली होती. कान्होजी ड्रायव्हर रोज आधी ती पुसायचा, मग मला.

मग संस्थानं एकत्र आली. ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली लहान राज्यं मिळून मध्य भारत झाला. गाडीला नव्या राज्याची पाटी लागली. निशाणी पुसा असं कोणी सांगितलं नव्हतं. जगदेवरावांनीच रंगाऱ्याला बोलावलं. पहिला हात दिल्यावरही नागाचा फणा अंधूक दिसत होता. "अर्धवट दिसण्यापेक्षा नकोच ती," असं म्हणून त्यांनी मला उतरवायला लावलं आणि पत्र्यावर थरावर थर चढवले. रंग वाळल्यावर मला पुन्हा जागेवर बसवलं. त्यानंतर गाडी नुसतीच उभी राहिली.

त्या हिवाळ्यात त्यांची मुलगी शरयू मद्रासहून पदार्थविज्ञान शिकून परतली. ट्रंक उघडायच्या आधी ती बिर्लानगरच्या गिरणीवस्तीत जाऊन आली. तिथल्या अडलेल्या बायकांना टांग्यात घालून दवाखान्यात न्यावं लागे. तिच्या डोळ्यांदेखत एक जण वाटेतल्या रेल्वे फाटकापाशीच दगावली. घरी येऊन तिने वडिलांकडे गाडी मागितली.

"आबा, नकाशावर राज्य एक झालं. पण बिर्लानगर आणि दवाखाना अजून दोन वेगळ्या राज्यांत आहेत."

जगदेवरावांनी अट घातली. शनिवारपर्यंत गाडी तपासणीत पास झाली तर तिची, नाहीतर विकायची. दारात उभी राहून ती आपल्याला छळते, असं ते म्हणाले.

तपासणी अधिकाऱ्याने सगळं पाहिलं. इंजिन ठीक, ब्रेक ठीक. मी मात्र पेटलो नाही. 'हा दिवा दुरुस्त करून आणा,' म्हणून त्याने गाडी परत पाठवली.

कान्होजीने पाटणकर बाजारातून नवा बल्ब आणला. तरी मी आंधळाच.

"ताईसाहेब, हिला राग आला आहे," तो म्हणाला. "जिंदगीभर मोठ्या लोकांना घेऊन फिरली. आता कामगारांच्या वस्तीत जायचं, तर नखरे तर करणारच."

"रागावतात ती माणसं, कान्होजी. दिव्याला कारण लागतं."

ती कारणाच्या मागे लागली. माझा बल्ब थेट बॅटरीला लावला, तो लख्ख पेटला. म्हणजे दोष बल्बचा नव्हता. मग ती गाडीखाली शिरली. ब्रेक दाबला की वीज सोडणारं बटण तपासलं, तेही शाबूत. शेवटी माझ्यामागची तार सोडवून तिच्यावर दुसरा बल्ब धरला आणि त्याचं दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलं. कान्होजीने ब्रेक दाबताच तो पेटला.

वीज माझ्या उंबऱ्यापर्यंत येत होती. मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, की ती आत येते, पण तिला परत जायला वाट नाही. विजेला यायला तार लागते आणि परतायला गाडीचं लोखंडी अंग. त्या परतीच्या वाटेला गॅरेजवाले 'अर्थ' म्हणतात.

शरयूने माझी पितळी बैठक निरखली. मग हळूच म्हणाली, "याला अर्थ मिळत नाहीये."

ओसरीवरच्या खुर्चीतून जगदेवराव बोलले, "अर्थ तर हल्ली आम्हालाही मिळत नाही, बाळ."

कान्होजी तोंड फिरवून हसला. शरयू हसली नाही. तिने तारेचं एक टोक माझ्या पितळेला टेकवलं, दुसरं बंपरच्या बोल्टला. ब्रेक दाबला गेला आणि मी पेटलो. तिचा चेहरा तांबडा झाला.

तिने मला उतरवलं आणि वडिलांना खालचा पत्रा दाखवला. "आबा, हा रंग. वीज यातून परत जाऊ शकत नाही."

ते उठून आले. पत्रा पाहून म्हणाले, "म्हणजे हे माझंच काम. मग काय, सगळा रंग खरवडायचा?"

"नाही. नवा रंग राहू दे. दिवा टेकतो तिथे फक्त रुपयाएवढं लोखंड उघडं हवं."

"कानस आण, कान्होजी," ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसून स्वतः घासू लागले. त्या जागी नागाची निशाणी कधी पोचलीच नव्हती. नव्या रंगाखाली नुसतं लोखंड होतं. त्यांनी ते बोटाने चाचपून पाहिलं.

शनिवारी गाडी पास झाली.

तेव्हापासून किती बायका माझ्या पाठीशी कण्हत गेल्या आणि मुलं घेऊन हसत परतल्या. एका धुक्याच्या सकाळी फाटकापाशी ब्रेक लागला, मी पेटलो, आणि मागचा ट्रक माझ्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबला. आत कळा देणाऱ्या बाईला, तिचा हात धरून बसलेल्या शरयूला, कोणालाच ते कळलं नाही. न कळणं हीच माझी कमाई.

आता मध्य भारतही राहिला नाही. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, पाटी पुन्हा बदलली. आज दारात पुन्हा रंगारी आला आहे. त्याने मला उतरवायला हात घातला, तेव्हा जगदेवराव काठी टेकत जवळ आले.

"बेटा, जो रंग चाहो, मारो," ते त्याला म्हणाले. "लेकिन ये बत्ती जहाँ बैठती है, वहाँ ब्रश मत लगाना."

रंग वाळतो आहे. पुढे आणखी पाट्या बदलतील, आणखी रंग चढतील. माझी कशालाच ना नाही. फक्त माझ्या बुडाखालची ती रुपयाएवढी जागा उघडी राहू द्या, मी काम चुकवणार नाही. सकाळी बिर्लानगरला जायचं आहे. मागून येणाऱ्यांनो, मी पेटलो की थांबा.