दर्याच्या बाजूचे स्पीकर

सुशीला गेली त्याला वर्ष होत आले होते. गुणाजीकडे तिचा आवाज तेवढा उरला होता, आणि तोही धड ऐकू येत नव्हता.

देवबागच्या किनाऱ्यावर रापण, दर्यात टाकलेले लांबलचक जाळे, दोराने ओढत होते तेव्हाचे ते चित्रण. कॅमेरा शेजारच्या विल्सनचा, बोटीवरच्या नोकरीतून आणलेला. पण विल्सन स्वतः रापणीच्या दोराला लागला, म्हणून त्याने कॅमेरा सुशीलाच्या हातात दिला. त्यामुळे चित्रात ती कुठेच नव्हती. दिसायचा तो गुणाजी, उघडा, दोर धरून वाळूत टाच रोवणारा. शेवटी शेवटी ती विल्सनच्या बायकोला, अ‍ॅनीला, काहीतरी सांगत होती. टीव्हीच्या इवल्याशा स्पीकरमधून मात्र नुसता वारा यायचा.

त्याने अ‍ॅनीला विचारून पाहिले.

"भाऊ, आमी दोघी दिसभर बडबडत होतंव," ती म्हणाली. "कितीसा ध्यानात रवतला?"

लेक लग्न होऊन कणकवलीला गेली तेव्हापासून तिचा कॉम्प्युटर घरात पडून होता. पेपरातली जाहिरात बघून गुणाजीने पैसे पाठवले आणि पुण्याहून एक पुस्तक मागवले. कॉम्प्युटर टीव्हीला जोडून घरात थिएटर कसे उभारायचे, ते त्यात मराठीत, आकृत्या काढून दिले होते. मागच्या पानावर फोन नंबर होता. अडलात तर विचारा.

"पुस्तक वाचून थेटर?" विल्सन म्हणाला. "उद्या पुस्तक वाचून बांगडे पकडशीत."

"तू बोटीर भांडी घासतंस, ती खंयच्या पुस्तकात वाचून रे?"

गुणाजी रोज थोडे थोडे वाचत गेला. जाळ्याची गाठ सोडवावी तसे एकेक वाक्य सोडवत गेला. कुडाळहून स्पीकर आणले. हिरवी वायर हिरव्या भोकात, काळी काळ्यात. पुढच्या एका पानावर तर वारा दाबून माणसाचा गळा वर कसा आणायचा, तेही लिहिले होते. पडद्यावरचे पट्टे माऊसने वरखाली ओढायचे, एवढेच. ते पान त्याने कितीदा वाचले असेल.

स्पीकर कुठे ठेवायचे याची आकृती सोपी होती. चौकोनी खोली, वरच्या भिंतीला मोठे स्पीकर, त्यांच्यामध्ये एक लांबट पट्टी. देवबागात वाळूत काठीने काहीही काढायचे झाले, तर आधी वर दर्या काढतात आणि मग खाली घर, वाट, खाडी. गुणाजीला ती पट्टी म्हणजे पडवीचे दार वाटले. त्याने मोठे स्पीकर दर्याच्या बाजूला, दाराला लागून ठेवले. टीव्ही समोरच्या आतल्या भिंतीला होता, कारण दाराशी ठेवला तर खारा वारा लागून तो बिघडला असता. धाकटे स्पीकर त्या टीव्हीजवळ गेले.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून विल्सन आणि अ‍ॅनी आली. दोघे टीव्हीशेजारी बाकावर बसली. गुणाजी मधोमध, दाराकडे पाठ करून. त्याने बटण दाबले.

लाट फुटली ती पाठीमागे. बाहेर ओहोटी होती, दर्या लांब गेला होता, आणि तरीही पाणी पडवीला लागल्यासारखे वाटत होते. समोर टीव्हीवर तो स्वतः दोर ओढत होता. चित्रण शेवटाकडे आले तसा गुणाजीने पुस्तकात सांगितल्यासारखा एक पट्टा खाली घेतला. वारा दबला. दुसरा वर नेला.

"बघ गो अ‍ॅने, आमच्या घोवाक," दारातून सुशीला म्हणाली. "सगळे बसले, पण ह्यो काय दोर सोडूचो नाय. ह्येच्या जीवार मी कधी भियालंय नाय बघ." मग ती हसली. "तेका सांगा नको हां. फुगतलो."

गुणाजी वळला. दारात ऊन होते. अ‍ॅनीने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली.

इतकी वर्षे संसार झाला, तिने असे कधी तोंडावर म्हटले नव्हते. आणि आता म्हटले तेही त्याच्या पाठीमागे उभी राहून, त्याला बघत. ती जिथून बघत होती तिथेच घराचे दार होते. हे कसे घडले ते त्याला कळेना.

विल्सन उठून दाराशी गेला, स्पीकर निरखू लागला. "तू उलटा लावलंस रे. फोन कर तेंका."

गुणाजीने पुण्याला फोन लावला. तिकडच्या माणसाने सगळे ऐकून घेतले. "काका, आकृतीत वर टीव्ही आहे. ती पट्टी म्हणजे टीव्ही. तुम्ही खोलीच फिरवलीत. पुढचे स्पीकर मागे गेलेत."

"आमच्याकडे वर समुद्र असतो हो."

"असू दे. जागा बदला फक्त. आवाज टीव्हीतून येईल, जसा यायला हवा तसा."

गुणाजीने त्याचे आभार मानून फोन ठेवला. विल्सन तोवर खाली वाकून वायर सोडवू लागला होता.

"रव रे," गुणाजी म्हणाला. "तिका थंयच रवांदे."

विल्सनने वायरवरचा हात काढला आणि तो दारातून बाजूला झाला.