दोन चाव्यांची करवत

कानसतात्याला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. जावयाच्या गाण्याची तो तोंडभरून स्तुती करायचा, आणि जावई गायला लागला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पण हातात हत्यार आलं की त्याची जीभ सुतासारखी सरळ व्हायची. तिथेच तर सगळी पंचाईत होती.

उभा जन्म त्यानं लाकडाच्या गिरणीत करवतींना कानस मारली. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि बोलणंही तसंच, खरखरीत. गंजकी करवत घेऊन कोणी दारात आलं की तो तिला हातसुद्धा लावायचा नाही. "आधी घासूनपुसून आण! तुझ्या घरची घाण काढायला बसलोय का मी?" असं चारचौघांत सुनावायचा. माणसं चांगलीच वचकून असायची. वरच्या जंगलातल्या लाकूडतोड्यांनी तर नेमच करून टाकला होता, की हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर लखलखीत करूनच द्यायचं, नाहीतर अब्रू जाते.

आता त्याच लाकूडतोड्यांची वस्ती उठायची वेळ आली होती. नियम असा निघाला, की जंगलाची पहिली मोजणी झाली त्याच्या आधीपासून जे तिथं राबत होते ते राहतील, मागाहून आलेले निघतील. मोजणीला पासष्ट वर्षं झालेली. वस्तीचे कागद म्हणावेत तर वाळवीनं कधीच फस्त केलेले. शेवटी वरिष्ठांनी एक फट ठेवली. वस्तीतलं एखादं तरी तोडकामाचं हत्यार मोजणीच्या आधीचं आहे असं सिद्ध झालं, तर चाळीसच्या चाळीस घरं जुनी धरायची. आणि हत्याराचं वय सांगणारा जाणता माणूस म्हणून कचेरीनं बोलावलं कोणाला, तर कानसतात्याला. त्याची सख्खी थोरली बहीण, अक्का, त्याच वस्तीत दिलेली. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. नोंदणीच्या बाई म्हणाल्या, "असू द्या. तुम्ही नुसतं तोंडी म्हणायचं नाही. जे म्हणाल ते मला डोळ्यांनी दाखवायचं. मग माझी हरकत नाही."

दीड महिना कचेरीतल्या त्या लांबट खोलीत तो भिंग घेऊन बसला. कुऱ्हाडी आल्या, पाचरा आल्या, ओंडके लोळवायच्या आकड्या आल्या. कुऱ्हाडीचा दांडा तो बघायचाच नाही. दांडे बदलतात, दांड्याला काय विचारायचं? तो दांडा बसायच्या भोकात भिंग लावायचा. जुन्या लोहारानं पट्टी दुमडून जोडलेली असली तर आत सांध्याची रेघ दिसते. कारखान्यात साच्यातून निघालेल्या कुऱ्हाडीला ती नसते. "हिचा जन्म माझ्या लग्नानंतरचा," तो म्हणायचा, आणि बाई रकान्यात फुली मारायच्या. एका बहाद्दरानं तर कोरी करकरीत कुऱ्हाड मिठाच्या पाण्यात बुडवून, महिनाभर पुरून आणली. तात्यानं जिभेचं टोक लावून बघितलं. "म्हातारी झालीय खरी, पण खारवून." खोली हसली. तो माणूसही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी तात्याला घरी जेवण गोड लागलं नाही.

सदतीस हत्यारं झाली, सदतीस फुल्या. राहिली अक्काच्या घरची करवत. आधी लोकांची, मग आपली, असं म्हणून तात्यानं ती मुद्दाम शेवटाला ठेवली होती.

पुरुषभर लांब, दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची ही करवत अक्काच्या सासऱ्याची. तिच्यावरच तात्याचा सगळा भरवसा होता, आणि तिचीच त्याला धास्तीही होती. धास्ती अशी, की नुसते दात पाहिले तर ती मोजणीनंतरची ठरत होती. जुन्या करवतींचे सगळे दात एकसारखे असायचे. चार दातांमागे एक आखूड दात, भुसा बाहेर ओढणारा, ही सोय त्या भागात मागाहून आली. अक्काच्या करवतीला तसे आखूड दात होते, कारण ते तात्यानंच पाडले होते. अक्का नवी नवरी असताना नवऱ्याच्या जोडीनं करवतीचं दुसरं टोक ओढायची. माहेरी आली तेव्हा दोन्ही तळहातांची सालटी निघालेली. बघून तात्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक वर गेला, चार दिवस ठाण मांडून बसला आणि त्यानं सगळे दात नव्यानं पाडून दिले. करवत लोण्यातून जावी तशी चालायला लागली. अक्कानं त्याचं जन्मभर कौतुक केलं.

पण त्याच चार दिवसांत त्यानं पात्याच्या मधोमध, गंजाखाली, एक खूण पाहिली होती. तेजाबानं कोरलेल्या दोन चाव्या, एकीवर एक आडव्या, आणि खाली लाकूड डेपोचं नाव. तो डेपो मोजणीच्या आधी सात वर्षं बंद पडला होता. एवढं तर कचेरीच्या कागदांतही होतं. त्या चाव्या आणि ते नाव दिसलं की झालं, चाळीस घरं वाचली! असली खूण केसाएवढीसुद्धा खोल नसते, पण वरचा गंजच तिला सांभाळतो. तो हलक्या हातानं काढावा लागतो. थोडं रॉकेल लावायचं, सपाट लाकडाला बारीक पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि अंजारत गोंजारत घासायचं. अक्षरं काळी होऊन वर येतात. बाईंच्या डोळ्यांदेखत तो हे स्वतः करणार होता. तसं त्यांना सांगूनही ठेवलं होतं.

रविवारी सकाळी त्यानं अक्काला फोन केला. "मंगळवारी शेवटचा दिवस आहे. करवत घेऊन ये. काम झालंच समज." एवढंच बोलला. आणखी काही सांगायला हवं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी अर्धी वस्ती कचेरीच्या गॅलरीत येऊन उभी राहिली. अक्का पुढे, मागे तिचा मुलगा, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली करवत. तात्यानं टेबलावर रॉकेलची बाटली, लाकूड, पॉलिश पेपर असं सगळं हारीनं मांडून ठेवलं होतं. बाईसुद्धा आज खुर्ची जवळ ओढून बसल्या होत्या. भाच्यानं सुतळी सोडली, गोणपाट बाजूला केलं, आणि ट्यूबलाइटचा उजेड पात्यावर पडून छतावर उमटला.

रॉकेलच्या बाटलीकडे गेलेला हात तात्यानं मागे घेतला.

"मामा, बघा तरी!" भाचा म्हणाला. "खालच्या गॅरेजमधून ग्राइंडर मागून आणला. काल चौघं जण दिवसभर आळीपाळीनं बसलो होतो. गंजाचा एक ठिपका दाखवा, मिशी उतरवून देईन."

"तोंड दिसतं त्यात," अक्का म्हणाली. "म्हटलं, माझ्या भावाच्या हातात द्यायची, तीही एवढ्या साहेबलोकांसमोर. उगीच बोलून घ्यायला नको."

तात्यानं पात्याच्या मधोमध अंगठा फिरवला. मग भिंग घेतलं. पातं उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. ग्राइंडरच्या चाकाच्या गोल गोल रेघांशिवाय तिथं काही नव्हतं.

"कुठंय, तात्या?" बाईंनी विचारलं.

"इथं होती."

"होती म्हणजे?"

"होती म्हणजे होती!" तात्या खेकसला, आणि लगेच त्याचा आवाज बसला. "मधोमध होती, बाई. गंजाखाली. गंजाबरोबर गेली."

भाच्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. अक्का एकदा भावाकडे आणि एकदा करवतीकडे बघत राहिली, जणू दोघांपैकी कोणीतरी तिची थट्टा करत होतं.

"व्हिनेगर आहे का कुठं?" तात्यानं एकदम विचारलं. तेजाबानं खाल्लेलं पोलाद कधी कधी घासल्यावरही रंग वेगळा धरतं. हे त्यानं एकदा, फक्त एकदाच, पाहिलं होतं. शिपाई धावत जाऊन कँटीनमधून बाटली घेऊन आला. तात्यानं फडकं भिजवून पात्यावरून फिरवलं आणि सगळे वाट बघत थांबले. पोलाद हळूहळू करडं झालं. मधोमध एक बाक उमटला, काळसर.

"चावी!" दारातून कोणीतरी ओरडलं. "आली, आली चावी!"

बाई भिंग घेऊन वाकल्या. त्यांनी फार वेळ लावला. टेबलाच्या या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, शेवटी पातं खिडकीपाशी नेऊन पाहिलं. तात्यानं त्यांच्या आधीच ओळखलं होतं, पण बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"तात्या, मला बघायचंय हो," बाई म्हणाल्या. "अगदी मनापासून बघायचंय. पण ही चाकाचीच रेघ आहे."

"मामांनी पाहिलंय ना डोळ्यांनी!" भाचा उठला. "त्यांचं म्हणणं लिहा की!"

"लिहिते. सख्ख्या भावानं सांगितलं, दिसत काही नाही, असं लिहावं लागेल. वर कोणी वाचणारसुद्धा नाही ते." बाईंनी कागद पुढे ओढला. "दातांचा रकाना राहिलाय. दात कधीचे, तात्या?"

खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. इतक्या माणसांचं छप्पर आपल्या जिभेवर असावं आणि ती जीभ अशी मेली सरळ असावी, याचा तात्याला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मोजणीनंतरचे," तो म्हणाला.

"कोणी पाडलेत, ते कळतं?"

"मी."

बाईंनी लिहिलं. फुली मारताना त्यांनी वर पाहिलं नाही. तात्यानं खाली सही केली, आणि महिन्याच्या आत घरं मोकळी करायची नोटीस अक्काच्या हातात आली. ती नोटीस छापून तयारच होती, फक्त तारीख घालायची राहिली होती.

भांडण नाही, आरडाओरडा नाही, माणसं मुकाट पायऱ्या उतरून गेली. त्या खारवलेल्या कुऱ्हाडीवाल्यानं अक्काला गॅलरीतल्या बाकावर बसवलं, कुठून तरी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि तोही गेला. तात्या बहिणीशेजारी बसला. तिनं चार शिव्या हासडाव्यात, निदान तोंड तरी फिरवावं, असं त्याला फार वाटत होतं.

"गंजकी आणली असती," अक्का म्हणाली, "तर ओरडला असतास ना रे?"

फोनवर चार शब्द जास्त बोललो असतो तर, असं काहीतरी तात्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं विचारलं होतं ते वेगळं होतं.

"ओरडलो असतो," तो म्हणाला.

"तेच म्हटलं मी याला." तिनं मुलाकडे हात केला. भाचा कठड्यापाशी पाठ करून उभा होता, खांदे हलत होते. "उगीच स्वतःला खातोय. सगळ्यांनी मिळून घासली. मीसुद्धा राख लावली."

तिनं नोटिशीची नीट चौकोनी घडी केली आणि कमरेला खोचली. मग गोणपाट ओढून करवत तात्याच्या मांडीवर ठेवली.

"घर उतरवावं लागेल. खांब चांगले आहेत, टाकून जायला जीव होत नाही. ट्रकमध्ये मावतील असे कापून न्यावे लागतील. आणि दात पार बोथट केलेत या लोकांनी. पिशवीत कानस आहे ना तुझी? मग लावून दे धार."

कानस होती. ती नाही असा दिवस त्याच्या आयुष्यात गेला नव्हता. भाच्यानं डोळे पुसत एक टोक कठड्याला घट्ट दाबून धरलं, तात्यानं चष्मा चढवला आणि पहिल्या दातापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला, त्या आखूड दातापाशी, त्याचा हात थांबला.

"त्याला सोडू नकोस बाबा," अक्का म्हणाली. "हलकी चालायला हवी. माझ्यानं आता पहिल्यासारखं ओढवत नाही."

तात्यानं आखूड दातावर कानस ठेवली.