दोन बोटं जाडीचा तळ

"आइकून राह्यले का जी?" रंभाने तिसऱ्यांदा हाक मारली, तरी मुखरूची पाठ काही हलली नाही. वैनगंगेच्या रेतीत सावरीचं भलंमोठं खोड आडवं पडलं होतं. त्याच्या पोटात गुडघे रोवून तो वाकसाने आतलं लाकूड तासत होता आणि पांढऱ्या ढलप्या उडत होत्या. शेवटी रंभाने पेजेचं गाडगं खाली ठेवलं आणि त्याच्या खांद्याला हात लावला, तसा तो केवढ्याने तरी दचकला.

"अशी काऊन दचकवून राह्यली वो? कामात ध्यान होतं माह्यं."

"हो ना! सालभरापासून तुमचं कामातच ध्यान असते."

मुखरूने ते ऐकलं नाही, की ऐकलं नाहीसं दाखवलं, कोण जाणे. त्याचे कान गेले होते. हे रंभाला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं, पण दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं. गावात कुणी काही बोललं की तो मान हलवून हसायचा. लोक म्हणायचे, मुखरू म्हातारपणी फार गोड झाला. गोड कसला, मेला घाबरलेला होता.

साल होतं सत्तावन्नचं. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि त्यामुळे काठावरच्या ढिवरांच्या जाळ्यात एक मासाही जास्त पडला नव्हता. अख्ख्या खोडातून कोरलेले डोंगे तेच, नदी तीच. फरक पडायचा तो एवढाच, की डोंगा कुणी कोरला. इतरांचा डोंगा उचलायला चार गडी लागत. मुखरूचा डोंगा दोघं उचलून नेत. पाण्यात टाकला की नुसत्या वल्ह्याच्या इशाऱ्याने वळायचा. कारण मुखरू तळ फक्त दोन बोटं जाड ठेवायचा. त्याहून जाड ठेवला तर डोंगा बोजड, आणि पातळ झाला तर एखाद्या खडकावर फाटून सगळे डोहात.

पलीकडच्या गावचा डोंगे कोरणारा बुधू बाहेरून भोकं पाडायचा, त्यांत मापाच्या खुंट्या ठोकायचा, आणि आतून तासताना खुंटीचं टोक दिसलं की थांबायचा. मुखरू त्याची यथेच्छ टिंगल करी. "डोंगा हाय का सदरा? एवढ्या गुंड्या कायले?" तो स्वतः नुसती बोटाची पेरं आपटायचा आणि कान लावायचा. जाड लाकूड बसक्या आवाजात बोलतं, बरोबर झालं की आवाज मोकळा होतो. तीस वर्षं त्याने असेच डोंगे केले होते, आणि तो आवाज लागला की त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद यायचा की रंभाला हसूच फुटायचं. लेकीच्या, मंगलीच्या जन्मावेळीही हा माणूस एवढा हरखला नव्हता.

हा डोंगा केवळरामसाठी होता. केवळराम शिवरात्रीला माणसं पलीकडे मार्कंड्याच्या जत्रेला न्यायचा. त्या दिवसांतही मधल्या डोहात बाप्या बुडेल एवढं पाणी असे. आणि पहिल्याच फेरीत मंगली बसणार होती, कडेवरचं लेकरू घेऊन. लेकराचं जावळ मार्कंड्याला द्यायचा नवस होता.

पेज पिऊन मुखरू पुन्हा खोडात उतरला. मागच्या बाजूला, तळात एक गाठ लागली होती. ती काढताना वाकस जरा जास्तच खोल गेला, असं त्याला वाटलं होतं. त्याने तिथे पेरं आपटली. पुन्हा आपटली. मग डावा कान लाकडाला टेकवला, मग उजवा. त्याच्या कपाळावरचा घाम रंभाला दिसत होता.

तिला राहवलं नाही. ती खोडात उतरली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुम्ही ठोका. मी हाओ ना आइकाले."

मुखरूने तिच्याकडे बघितलं.  मग एकदा इथे, एकदा तिथे ठोकलं. रंभाने जीव कानात आणून ऐकलं. टक. टक. तिला दोन्ही सारखेच वाटले. तीस वर्षं या माणसाच्या शेजारी बसून तिने जाळी विणली होती, पण हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"खोटं बोलून राह्यली तू," मुखरू म्हणाला. रागावला मात्र नाही, आणि त्याचंच तिला जास्त भ्या वाटलं.

त्यानंतर त्याने तळाला हात लावला नाही. बाहेरून मात्र असा घासला, असा घासला, की हात फिरवला तर लेकराच्या गालावर फिरल्यासारखं वाटावं.  मंगली माहेरी आली, नातू अंगणात रांगू लागला, तरी रंभाच्या डोळ्यांपुढे डोहच. नवऱ्याचं नाव राखावं की लेकीचा जीव? एकदा ती केवळरामच्या दारापर्यंत गेली आणि त्याच्या बायकोकडे मीठ मागून परत आली.

शिवरात्रीच्या सकाळी काठावर माणसांची दाटी झाली. दोघांनी डोंगा उचलून पाण्याच्या कडेला आणला. लोक म्हणाले, वा रे मुखरू! मंगलीने लुगडं सावरलं, लेकरू कडेवर घट्ट धरलं आणि एक पाय आत टाकणार, तोच रंभा ओरडली, "थांब वो मंगली!"

पण तिच्याआधीच मुखरूने लेकीचा दंड धरला होता.

"केवळराम, गिरमिट आन."

"गिरमिट? कायले जी?"

मुखरू स्वतःच घरी जाऊन गिरमिट घेऊन आला, डोंग्यात वाकला आणि त्या गाठीच्या जागी, तासून गुळगुळीत केलेल्या तळात, भोक पाडायला लागला. काठावरच्या बायका हळहळल्या. कुणीतरी हसलं, "मुखरूभाऊबी गुंड्या लावाले लागले म्हना!"  आरपार झाल्यावर मुखरूने भोकात काडी घातली, नखाने खूण धरली, बाहेर काढली आणि त्यावर बोटं ठेवली.

दोन बोटं. तंतोतंत दोन बोटं.

 रंभाला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"चांगला तर होता जी!" केवळराम कळवळून म्हणाला. "उगाच काऊन भोक पाडलं? नव्या डोंग्याले ठिगळ!"

मुखरूने त्याच्या ओठांकडे बघून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, बहुधा त्याहूनही मोठ्याने, म्हणाला, "मले आइकू येत नाई, केवळराम. सालभर झालं. हात बरोबर गेले, पन मले ते मालूम नोतं."

 मुखरूने लाकडाची खुंटी तासली, भोकात ठोकली, वरून राळ भरली. केवळराम हातवारे करत म्हणाला, "पुढच्या साली एक डोंगा अजून लागते ना जी..."

"बुधूले सांग," मुखरू म्हणाला. "चांगले करते तो."

डोंगा पाण्यात गेला. सात माणसं बसली तरी काठ चांगला वर राहिला. मुखरू गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होता, आणि केवळरामने वल्हं मारताच डोंगा असा काही सरकला की त्याच्या तोंडून आपोआप "हाय रे!" निघालं. डोहाच्या मधोमध मंगली वळली आणि हात उंचावून काहीतरी ओरडली.

"काय म्हनून राह्यली?" मुखरूने विचारलं.

रंभा पाण्यात उतरली. इतक्या लोकांदेखत तिने नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "एक थेंब पानी आलं नाई म्हनते! बाबाले सांग म्हनते!"

मुखरूने मान हलवली. नदीकडेच बघत तो म्हणाला, "अजून एकडाव सांग."