तिसरं कार्ड

"हे पॅकबंद आहे बाई, कुणाचा हात लागलेला नाही," भंगारवाल्या शेठने कार्डाचं खोकं बाईंच्या नाकासमोर धरलं. "आणि तुम्ही त्या धुळीत काय उकरताय?"

बाईंनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बंद पडलेल्या एका सिमेंट कारखान्याचं कंट्रोलचं कपाट शेठने जसंच्या तसं उचलून आणून गोदामाच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. बाई त्याच्यापुढे उकिडव्या बसून एकेक इलेक्ट्रॉनिक कार्ड ओढत होत्या, उलटसुलट बघत होत्या आणि परत जागेवर ठेवत होत्या. वय छप्पन्न. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान आहे, पण इतका वेळ उकिडवं बसायचं म्हटलं तर मला उठवायला दोन माणसं लागतील.

आमच्या कागद कारखान्यात मी टर्बाइन चालवतो. ती थांबली की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी बाईंकडे. तिच्या वेगावर नजर ठेवायला तीन कार्डं आहेत, म्हणजे तीन डोळेच म्हणा. त्यातलं तिसरं जळालं. बनवणाऱ्या कंपनीने असली कार्डं काढणं केव्हाच सोडून दिलं होतं. नव्या साहेबांनी जळकं कार्ड घाईघाईत बाहेर दुरुस्तीला धाडलं. तिकडून 'होणार नाही' असा निरोप आला, कार्ड काही आलं नाही.

साहेबांनी मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं की शुक्रवारी टर्बाइन चालू झाली तर ठीक, नाहीतर जुनं सगळं काढायचं, बाहेरच्या कंपनीला काम द्यायचं आणि बाईंच्या दुरुस्तीच्या खोलीला कुलूप लावायचं. बाईंना निवृत्तीला दोन वर्षं होती. एकतीस वर्षं ज्या टेबलावर काम केलं ते सोडून त्यांनी स्टोअरमध्ये नटबोल्टच्या पावत्या फाडत बसायचं, असा त्याचा अर्थ होता.

"हे देता का?" बाई धुळीने माखलेलं एक कार्ड घेऊन उठल्या.

"अहो, ते वापरलेलं आहे!"

"म्हणूनच. यातले कपॅसिटर रोज वीज खाऊन धडधाकट राहिलेत. तुमचं पॅकबंद वीस वर्षं उपाशी आहे. त्याला एकदम जेवायला वाढलं तर ते फुटेल."

मी हळूच म्हटलं, "बाई, साहेबांनी पॅकबंदच आणा म्हणून सांगितलंय. दोन्ही घेऊ या ना."

शेठने मान हलवली. उरलेल्या कार्डाला दुसरं गिऱ्हाईक पक्कं होतं, आम्हाला एकच मिळणार होतं. बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, मी वापरलेलं आणतेय. हो, माझ्या जबाबदारीवर." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. बाई शांतपणे फोन कानाला लावून कार्डावरची धूळ पदराने पुसत होत्या.

पुढचे दोन दिवस ते कार्ड त्यांच्या टेबलावर होतं. दोनच कपॅसिटर थकलेले निघाले, ते त्यांनी बदलले, टोकं घासली, वीज हळूहळू वाढवत नेली. कार्डावर डाळीच्या दाण्याएवढ्या टोप्या असतात. कुठली टोपी कुठल्या पिनांवर बसवली यावरून कार्डाला कळतं की आपण कुठल्या यंत्रावर आहोत. जळकं कार्ड समोर असतं तर त्याच्यावरून बघून लावता आल्या असत्या. बाईंनी फायलीतलं ड्रॉइंग काढलं आणि त्याप्रमाणे टोप्या लावल्या.

"शेजारचं कार्ड ओढून बघायचं ना एकदा," मी म्हटलं.

"चालणारं जुनं कार्ड उगाच ओढायचं नसतं, ड्रायव्हर. जागा झिजल्यात त्यांच्या. एक बसवताना दुसरं जायचं." टर्बाइन चालवतो म्हणून त्या मला ड्रायव्हर म्हणतात. आता त्यांना शिकवणारा मी कोण?

शुक्रवारी सकाळी कंट्रोल रूममध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. साहेब होते, बॉयलरवाले होते, ज्यांचा काही संबंध नाही असे चारजणही हात बांधून उभे होते. मी वाफ सोडली. टर्बाइन हलली. पहिला आकडा तीनशे, दुसरा तीनशे, तिसरा चारशे. पाठोपाठ घंटा वाजली. तिन्ही कार्डांचं एकमत झाल्याशिवाय टर्बाइन पुढे सरकतच नाही.

"मी सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "भंगार ते शेवटी भंगारच."

बाई तीन आकड्यांकडे बघत राहिल्या. "तिनावर चार," असं पुटपुटल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"टर्बाइन थांबवा. दोन नंबरचं कार्ड ओढते."

त्यांनी ते इतकं अलगद ओढलं की जणू झोपलेल्या मुलाच्या उशाखालून काही काढत होत्या. एक टोपी वेगळ्या पिनांवर होती. त्यांनी कार्ड परत बसवलं, तिसरं काढलं, त्याची टोपी चिमट्याने हलवली. पाच मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. मी पुन्हा वाफ सोडली.

तीनशे. तीनशे. तीनशे.

दुपारी बाराच्या आत टर्बाइन पूर्ण वेगावर होती. बॉयलरवाल्याने तर माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्मा खाली पडला.

"झालं काय होतं नेमकं?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड घातलं. "साहेब, ड्रॉइंगच जुनं होतं. त्याला कोण काय करणार!" खोटं काहीच नव्हतं त्यात. बाईंना तिथेच थांबता आलं असतं.

"ड्रॉइंग जुनं नव्हतं, अपुरं होतं," बाई म्हणाल्या. "वेग मोजायचं दातेरी चाक आपण अकरा वर्षांपूर्वी बदललं. साठ दात्यांचं होतं, ऐंशीचं आलं. तिन्ही कार्डांवरच्या टोप्या मी बदलल्या आणि उद्या लिहू म्हणून ड्रॉइंगवर लिहिलं नाही. तो उद्याचा दिवस आज उजाडला. हे कार्ड साठच दाते धरून मोजत होतं, म्हणून तीनशेचे चारशे दिसले. कार्डाचा दोष नाही. चूक माझी."

साहेब अवघडले. माणूस वाईट नाही. "जाऊ द्या हो बाई, चालू झाली ना? रिपोर्टमध्ये 'किरकोळ दुरुस्ती' लिहितो."

"नाही साहेब. काय झालं ते लिहा, नावासकट. नाहीतर सगळे कार्डालाच नावं ठेवतील आणि पुढच्या वेळी पॅकबंद आणतील."

साहेबांनी लिहिलं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, असं बॉयलरवाला म्हणाला. मला मात्र बाईंचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला दोनदा तोच प्रसंग सांगितला. तिसऱ्यांदा सुरू केला तेव्हा ती म्हणाली, "पाठ झालं मला."

महिन्याभराने वरून पत्र आलं. रिपोर्टमधलं नोंद राहून गेल्याचं तेवढंच वाक्य कुणीतरी उचललं होतं. कार्ड उत्तम चालतंय, पण अशा नोंदी माणसांच्या भरवशावर सोडता येणार नाहीत, तेव्हा पुढल्या वर्षी नवी यंत्रणा येईल, खोली बंद करा. महिनाअखेर बाईंनी स्टोअरमध्ये रुजू व्हायचं होतं. साहेब स्वतः पत्र घेऊन आले आणि टेबलाशी उभेच राहिले. बाईंनीच त्यांना बसायला खुर्ची दिली.

उरलेल्या दिवसांत त्यांनी फाइल उघडली. टर्बाइन थांबायचा दिवस मी त्यांना आधी कळवायचो, मग त्या तिचं कंट्रोलचं कपाट उघडून ड्रॉइंगचं एकेक पान कपाटाशी ताडून बघायच्या. तार, पिन, टोपी, सगळं.

मला राहवलं नाही. "बाई, वर्षभरात हे कपाट त्या शेठच्या गोदामात जाणार. कशाला जीव काढताय?"

"वर्षभर तर चालायचंय ना तिला?" त्यांनी मान वर केली नाही. "आणि कपाटाबरोबर ही फाइलही जाईल. त्या गोदामात उद्या आणखी कुणीतरी येऊन उकिडवं बसेल. त्याला खरं कळायला हवं."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फाइल माझ्या हातात दिली आणि हात धुवायला गेल्या. मी वेगाच्या कार्डाचं पान काढलं. टोपीची जागा लाल शाईने दुरुस्त केली होती. शेजारी त्यांची सही होती आणि सहीखाली दोन तारखा होत्या, एक बदल केल्याची आणि एक लिहिल्याची. मधली अकरा वर्षं कुणालाही बोटांवर मोजता येतील अशी उघडी ठेवली होती.

त्या आल्या, पर्स खांद्याला लावली, खोलीचा दिवा घालवला. "चला ड्रायव्हर, आकड्यांकडे लक्ष ठेवा," असं म्हणाल्या आणि उद्याची जागा बघून ठेवायला म्हणून स्टोअरकडे चालू लागल्या.