जिवनबाईच्या बोलण्याचा अर्थ

देविदास खोटं बोलत नाही, खऱ्याला जरा शेपूट लावतो, असं तांड्यातली भली माणसं म्हणत. बाकीची काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. सिद्धेश्वर धरणात त्याच्या गळाला म्हणे एकदा एवढा मासा लागला, की ओढायला बैलजोडी जुंपावी लागली. मासा काही बाहेर आला नाही, बैलच आत गेले. आणि पाणी त्यांना असं मानवलं की पुढं चार वर्षं ते धरणातच राहिले. फक्त पोळ्याला पुरणपोळी खायला काठावर येत. ऐकणारा हसला की देविदास गंभीर व्हायचा, बैलांची नावं सांगायचा, त्यातला डावीकडचा कसा थंडीत खोकायचा ते सांगायचा. मग हसणाऱ्यालाच वाटायचं, असेलही बुवा.

ही सगळी बडबड चाळीस वर्षं ज्या बाईनं रोज ऐकली, ती त्याची बायको जिवनबाई. त्या घरात बोलायला जागाच नव्हती. होती तेवढी देविदासनं व्यापलेली. जिवनबाईच्या वाट्याला दिवसाकाठी दहा-बारा शब्द यायचे, आणि त्यातले तीन ‘जेवता का आता’ यात खर्च व्हायचे. एकुलती एक लेक निता लग्न होऊन सुरतेला गेली, तेव्हापासून तर तेही कमी झाले.

तांड्याच्या वरच्या अंगाला प्रेमदास गवंड्याचं घर. तो सहा दिवस भिंती बांधायचा आणि रविवारी दारापुढच्या पत्र्याच्या शेडात उपासना घ्यायचा. वीस-पंचवीस माणसांची ख्रिस्ती मंडळी, आणि तो त्यांचा पाळक. नऊ वर्षांमागं नवरा-बायको दोघंही त्या मंडळीत गेले. जिवनबाई मनापासून गेली. देविदास गेला, कारण तिथं साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपलं काय भलं केलं ते सांगायला, उभं राहिलं की कुणी मधे बोलत नाही.

आणि त्याच वर्षी एका रविवारी प्रार्थनेत, डोळे मिटलेली जिवनबाई बोलायला लागली. तांड्याची भाषा नाही, मराठी नाही, बाजारातली हिंदी नाही. पाण्यासारखं सुटलं तिचं बोलणं. बायका थरारल्या. प्रेमदास म्हणाला, हे अन्य भाषेचं कृपादान. आत्म्यानं दिलेलं. पहिल्या मंडळ्यांतही असंच होत होतं.

पण प्रेमदास सरळ रेषेचा माणूस, ओळंबा लावल्याशिवाय वीट न ठेवणारा. त्यानं शास्त्र उघडून समजावलं, की करिंथ नावाच्या गावातल्या मंडळीतही ही दानं होती, आणि त्यांचा नुसता बाजार झाला होता. ज्याला त्याला आपलंच दान मोठं. तेव्हा प्रेषितानं त्यांना लिहून कळवलं, की बाबांनो, दान ज्याला मिळतं त्याच्यासाठी ते नसतंच. ते दुसऱ्यांसाठी असतं, मंडळी उभी राहावी म्हणून असतं. अन्य भाषा बोलणारा असला आणि अर्थ सांगणारा कुणी नसला, तर बोलणाऱ्यानं सभेत गप बसावं, घरी देवाशी बोलावं. मग त्यानं शेडभर नजर फिरवली आणि विचारलं, बाईच्या बोलण्याचा अर्थ कुणाला कळला का?

कुणाला कळणार. सगळे खाली बघायला लागले. देविदासनं बायकोकडं पाहिलं. आत्ता मघाशी उजळलेलं तिचं तोंड विझत चाललं होतं. एवढ्या वर्षांनी बाईला बोलायला मिळालं, आणि आता गप बस म्हणून राहिले.

देविदासनं हात वर केला.

“मला कळलं,” तो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्यानं बेताचंच सांगितलं, प्रभू तुमच्यावर माया करतो, एवढंच. पुढं जीभ सुटली. जिवनबाई बोलायची, देविदास अर्थ सांगायचा. एकदा त्यानं सांगितलं, की प्रभू म्हणतो, माझी एक लेक पावसात भिजून राहिली आणि तुम्ही कोरडे झोपता. चार दिवसांत विधवा शकुबाईच्या घरावर मंडळीनं पत्रे टाकले. दोन भाऊ विहिरीवरून सात वर्षं बोलत नव्हते. त्यांच्यासाठी असा काही अर्थ निघाला की दोघं गळ्यात पडून रडले. देविदासला ते सगळं आधीपासून ठाऊक होतं, तांड्यात कुणाला ठाऊक नव्हतं? पण देविदासच्या तोंडून कुणी ऐकलं नसतं. जिवनबाईच्या तोंडून आलेलं ऐकत होते.

पुढं पुढं त्याचं त्यालाच कळेना, की हे आपण रचतो की कुणी आपल्याला सुचवतं. धरणातल्या बैलांचंही शेवटी तसंच झालं होतं.

एकदा ज्वारी निवडताना जिवनबाईनं त्याला विचारलं होतं.

“तुमाला खरंच कळतं का हो, मी काय बोलते ते?”

“काहून? तुला न्हाई कळत?”

“मला कुठून कळणार. मोकळं वाटतं, एवढंच.” तिनं सुपातला खडा वेचून फेकला. “तुमाला कळतं म्हून बोलते. न्हाई तर गप बसले असते.”

देविदासही सूप पुढं ओढून खडे वेचायला लागला.

यंदा माघातल्या एका रविवारी हट्टा गावाहून दोन नवी कुटुंबं उपासनेला आली. अर्थ सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव तिथवर गेलं होतं. प्रेमदासच्या बायकोनं, संगितानं, पाहुण्यांसाठी जेवणाचा घाट घातला होता. देविदासनं धुतलेला पटका बांधला होता. जिवनबाई सकाळपासून डोकं जड आहे म्हणत होती, पण चालत आली.

प्रार्थनेत ती बोलायला लागली. पण आजचं बोलणं सुटत नव्हतं. दगडावरून गाडीचं चाक जावं तसं आदळत, अडकत येत होतं. डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरली, तरी तिचा उजवा हात उचलला गेला नाही. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. आणि एरवी बोलताना मिटलेले असायचे ते डोळे आज टक्क उघडे होते. ती वर आभाळाकडं बोलत नव्हती, नवऱ्याकडं बघून बोलत होती.

देविदासनं हे सगळं पाहिलं. नंतर तो कधीही म्हणाला नाही की दिसलं नव्हतं. पण शेड भरलेला होता, हट्ट्याची माणसं माना लांब करून त्याच्याकडं बघत होती, आणि अर्थ तर त्यानं आदल्या दिवशीच मनात जुळवून ठेवला होता.

“प्रभू म्हणतो,” देविदासनं सांगितलं, “लांबून आलेल्या माझ्या लेकरांसाठी मी दार उघडून ठेवलंय. उंबऱ्यावर उभे राहू नका.”

जिवनबाईनं मान हलवली. नाही म्हणून हलवली. एकदा, दोनदा, मग जोरात. लोकांना वाटलं आत्म्याचा संचार झाला. टाळ्या पडल्या, हालेलुयाचा गजर झाला, हट्ट्याची एक बाई हुंदके देऊन रडली. त्या गजरात जिवनबाई भिंतीला टेकली आणि बोलायची थांबली.

दान उतरलं की थकवा येतो, तिला टेकू द्या, असं सगळ्यांचं ठरलं. पंगत बसली. देविदासनं पाहुण्यांना दोन-तीन गोष्टी सांगितल्या, बैलांचीही सांगितली.

दुपारी चारच्या सुमारास हट्ट्याचा जमील आपली जीप घेऊन पाहुण्यांना न्यायला आला. तो दारातून आत डोकावला, आणि पाहुण्यांना हाक मारायची सोडून जिवनबाईपाशी जाऊन उकिडवा बसला.

“चाचा,” तो म्हणाला, “इनकू लकवा मारा है. मेरी अम्मी का मुँह बी ऐसाइच हुआ था. सुबू से ऐसेच बैठे क्या?”

पंचवीस माणसांनी जे पाहून ऐकून प्रभूचं नाव घेतलं, ते ह्या परक्या माणसाला उंबऱ्यातून कळलं. त्यानं पाहुण्यांना तिथंच ठेवलं आणि जीप हिंगोलीला पळवली. दवाखान्यात डॉक्टर मुलीनं एकच विचारलं, बोलणं कधी बिघडलं? देविदासनं सांगितलं, दहा वाजता. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाली, ह्याचं इंजेक्शन असतं बाबा, पण ते पहिल्या चार-साडेचार तासांत.

आठ दिवसांनी, घरी न्या, सेवा करा म्हणून सांगितलं. निताला फोन लावला. ती बाळंत होऊन आठवडा झाला होता, पोट शिवलेलं, प्रवास बंद. ती रडत आईचं विचारायची, याडी काय म्हणते? देविदास फोन बायकोच्या कानाशी धरायचा. पलीकडून लेक आणि अलीकडून आई, दोघी आपापल्या परीनं बोलायच्या.

घरी जिवनबाई एकोणीस दिवस राहिली. त्या एकोणीस दिवसांत देविदासनं काय केलं असेल, तर तो गप बसला. तांड्याला हे खरं वाटेना. लोक मुद्दाम बघून जात. तो खाटेजवळ बसून तिचा एक-एक आवाज ऐकायचा. ऐकायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. सत्तर वर्षांचा माणूस पहिलीत बसला होता. ती एक आवाज काढायची, हा पाणी द्यायचा. ती मान हलवायची. हा वाकळ ओढायचा. मान. हा तिची कूस बदलायचा, तेव्हा तिचे डोळे निवायचे. झालं, एक कळला. असे पाच आवाज तो शिकला. कुशीचा, पाण्याचा, अंगावर ऊन येतं त्याचा, लघवीचा, आणि माझ्या कपाळावर हात ठेव याचा. हा पाचवा कळायला अकरा दिवस लागले.

सहावा एक आवाज होता. रोज दिवस कलताना यायचा. खोल विहिरीतून बादली वर यावी तसा खालून चढत यायचा, तोंडाशी आला की फुटायचा. त्यासाठी देविदासनं घरातली वस्तू न वस्तू तिच्यापुढं धरली. आरसा धरला, निताचा फोटो धरला, शेळी आणून उभी केली. प्रत्येकाला तिनं मान हलवली. शेवटी शेवटी ती मान हलवायचीही थांबली, नुसती त्याच्याकडं बघायची.

ती गेल्यावर वावराच्या बांधाला तिला मूठमाती दिली. पुढच्या रविवारी प्रेमदासनं हलक्या आवाजात विचारलं, की बाईनं शेवटी जे काही सांगितलं असेल ते मंडळीला कळावं. देविदास उभा राहिला.

“मला कधीच काही कळलं न्हाई,” तो म्हणाला. “नऊ वर्षं मी मनानंच सांगत आलो. त्या रविवारी ती मला बोलावून राहिली होती, आन् मी तुमाला प्रभूचा निरोप सांगून राहिलो होतो.”

मग शकुबाई उठली.

“मंग माझ्या घरावर पत्रे कोणी टाकले?”

“तुमच्या ह्या माणसांनी टाकले, बाई.”

“सांगितलं तर तूच. तुझं खोटं असंल तर मी काय पत्रे काढून देऊ?”

दोघं-तिघं उठून गेले. हट्ट्याची कुटुंबं पुन्हा आलीच नाहीत. प्रेमदासनं हातातलं शास्त्र मिटलं. मग म्हणाला, भाऊ, दान कशासाठी असतं, तर मंडळी उभी राहावी म्हणून. तुमच्या बोलण्यानं ती उभी राहिली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मग ते कुणाचं होतं ते मी कसं सांगू?

“मंडळी उभी राहिली,” देविदास म्हणाला. “जिवनबाई भिंतीला बसली.” आणि तो चालत घरी गेला.

निता आली तेव्हा फाल्गुन लागला होता. कडेवर महिन्याचं लेकरू. माहेरी आलेल्या लेकीनं आईच्या गळ्यात पडून गाऊन रडायचं, आणि आईनं तसंच गाऊन विचारायचं, बाई तुझं कसं चाललंय, ही तांड्याची रीत. ते रडणं दोघींचं असतं, एकटीला येत नाही. निता दारात उभी राहिली, एक ओळ म्हटली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं लेकराला पाजून निजवलं आणि बापापुढं बसली. शेडातलं सगळं संगितानं तिला सांगितलेलंच होतं.

“बापू, याडी माझ्यासाठी काय बोलली?”

देविदासनं पाच आवाजांचं सांगितलं. कूस, पाणी, ऊन, लघवी, कपाळावर हात. सहावा कळला नाही म्हणाला.

“सांगा न्‌ काहीतरी.” तिनं डोळे पुसले नाहीत. “साऱ्या जगाला सांगितलं तुमी. मला एकदा सांगा. खोटं का असंना.”

सांगणं काही अवघड नव्हतं. तिच्या तोंडाकडं बघताच ते त्याच्यात तयार झालं होतं, अगदी सगळं: निताला सांगा मी रागावले नाही, लेकराचं डोकं तेलानं चोळत जा म्हणावं, माझी ओढणी तिला द्या. जिभेवर आलं होतं. लेक त्यावर जन्मभर जगली असती. देविदासनं तोंड उघडलं, आणि त्याला मान हलवणारी जिवनबाई दिसली.

“अर्थ न्हाई माझ्यापाशी,” तो म्हणाला. “आवाज हाय.”

आणि त्यानं तो सहावा आवाज काढून दाखवला. म्हाताऱ्या घशातून खालून वर चढत आला आणि तोंडाशी फुटला. निता ऐकत राहिली. “आणखी एकदा,” म्हणाली. त्यानं आणखी एकदा काढला. तिलाही काही लागेना. ती उठून आईच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसली, आणि मग हळूच, लेकरू जागं होऊ नये अशा बेतानं, तिनं स्वतः तो काढून पाहिला.

“असा?”

“न्हाई,” देविदास म्हणाला. “अजून खालून. आन् शेवटाला एवढा लवकर सोडायचा न्हाई.”

तिनं पुन्हा काढला.